ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधली जागा

भिलाईहून उतईला जाणाऱ्या रस्त्याला परवा पुन्हा ट्रॉल्या लागल्या. धानाच्या कट्ट्यांनी, म्हणजे पोत्यांनी, काठोकाठ भरलेल्या, वर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर कुणीतरी उताणं पडून मोबाइल बघतंय. माझी स्कूटी त्यांच्या मागे अडकली आणि धुळीसोबत तो वास आला, नव्या धानाचा, थोडा गोडसर, थोडा दमट पोत्यासारखा. बहुतेकांना हा वास सणाचा वाटतो. मला वाटत नाही. नजर आपोआप ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या हातभर जागेकडे जाते. तिथे कोणी उभं तर नाही ना, एवढंच बघायला.

धावत्या ट्रॉलीपुढे कोण उभं राहणार? हे मला कळतं. तरी नजर जाते.

ज्यांनी कधी ट्रॉली जोडली नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची ट्रॉली चार चाकांची. तिच्या पुढे एक लांब लोखंडी दांडा, दांड्याच्या टोकाला कडी. ट्रॅक्टर सुटा केला की दांडा जमिनीवर पडून राहतो. ट्रॅक्टरच्या मागे, सीटच्या खाली, लोखंडी जबडा असतो. कडी त्या जबड्यात शिरायला हवी आणि वरून आरपार जाड पिन पडायला हवी. काम एवढंच. पण सीटवरून जबडा दिसत नाही आणि दांडा काही आपणहून उठत नाही. म्हणून हे काम दोघांचं. एकाने ट्रॅक्टर हळूहळू मागे आणायचा, दुसऱ्याने दांडा उचलून धरायचा आणि कडी शिरली की पिन टाकायची. हा दुसरा माणूस जिथे असतो, तिथे त्याच्या एका बाजूला मागे सरकणारा ट्रॅक्टर असतो आणि दुसऱ्या बाजूला चाळीस-पन्नास क्विंटल धान.

आमच्याकडे हा दुसरा माणूस म्हणजे आई.

बाबांना कमी ऐकू येतं. त्यांच्या वडिलांनाही यायचं, घराण्यातच आहे. त्यामुळे "या, या, बस" असं ओरडून काही उपयोग नसायचा. आई दांड्याच्या कडेला, चाकाच्या बाहेर उभी राहायची. डाव्या हाताने दांडा वर धरायची, उजव्या हातात लाल गमछा. गमछा वर म्हणजे येऊ द्या, गमछा खाली म्हणजे थांबा. बाबा मान पूर्ण मागे वळवून फक्त त्या गमछ्याकडे बघायचे. आई म्हणायची, "लग्नातबी एवढं निरखून पाह्यलं नाही तुह्या बापानं मले. दांडा उचलला का मंग पाह्यते!"

बाबांना ते ऐकू जायचं नाही. किंवा जायचं.

ज्या वर्षाबद्दल मी लिहितेय, त्या वर्षी आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. हंगाम संपल्यावर काढू, असं तिचं म्हणणं होतं, पण उजव्या डोळ्याने तिला दारातला माणूस ओळखू येईना, म्हणून मीच हट्ट धरला. डॉक्टरांनी बजावलं, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही. आई माझ्याकडे भिलाईत आली, माझ्या दोन खोल्यांत काळा चष्मा लावून भिंतीला टेकून बसू लागली. बाबा उतईजवळच्या आमच्या शेतावर एकटे राहिले. शेत कापलं गेलं होतं, धान निघालं होतं, कोठारात, म्हणजे आमच्याकडच्या खळ्यात, कट्टे रचलेले होते. सोसायटीच्या खरेदी केंद्राचं टोकन मिळेल त्या दिवशी ट्रॉली तिथे पोचलीच पाहिजे आणि रांगेत नंबर हवा तर पहाट फुटायच्या सुमारास निघालं पाहिजे. मजूर आदल्या दिवशी कट्टे भरून देऊन जायचे. पहाटे, ट्रॅक्टर पडवीतून आणून जोडायच्या वेळी, मात्र कोठारात चिटपाखरू नसायचं.

आई रोज फोन करायची.

"ट्रॉली कोणासंग जोडली?"

"हो हो, जेवलो. वांगे केले होते."

"मी जेवणाचं नाही पुसत! दांडा कोणं धरला?"

"आवाज नाही येऊन राहिला. ठेवतो."

आई फोन माझ्याकडे द्यायची आणि म्हणायची, "बहिऱ्याचं सोंग करून राहिला तुहा बाप. कायतरी लपवते."

मी भिलाईलगतच्या हथखोजला एका लहानशा कारखान्यात ड्रॉइंग करते. जाळ्या, जिने, शेडचे सांगाडे. त्या दिवसांत स्क्रीनवर रेघा ओढताना मध्येच हात थांबायचा. सकाळी सहा वाजता बाबांनी फोन उचलला नाही की मी साडेसहापर्यंत दहादा लावायची. सात वाजता ते उचलायचे, मागे रांगेतल्या ट्रॅक्टरांची घरघर ऐकू यायची, आणि मग मला चहा गोड लागायचा.

एका रविवारी न सांगता गेले. अगहन, म्हणजे मार्गशीर्ष, लागला होता, शेतांवर धुकं होतं, स्कूटीच्या हँडलवर बोटं बधिर झाली होती. बांधावर गाडी लावली आणि कोठाराकडे पाहिलं. ट्रॅक्टर मागे मागे चालला होता. मुंगीच्या चालीने. सीटवर कोणी नव्हतं.

क्षणभर मला काही समजलंच नाही. मग बाबा दिसले. त्यांनी ट्रॅक्टर सगळ्यात मंद मागच्या गियरमध्ये टाकून तसाच चालू सोडला होता, आपण खाली उतरले होते आणि ट्रॅक्टरला वळसा घालून मधोमध जाऊन उभे होते. दोन्ही हातांनी दांडा उचलून. ट्रॅक्टर आपल्याकडे येण्याची वाट बघत.

मी ओरडले नाही. ओरडावंसं वाटलं, पण दोन विचार एकदम आले. एक, त्यांना ऐकू जाणार नाही. दुसरा, ऐकू गेलं तर ते वळून बघतील. मी बांधावर उभी राहिले, दोन्ही हात तोंडावर. मधे असेल साठ-सत्तर पावलांचं अंतर. धावले असते तरी ट्रॅक्टरच्या आधी पोचले नसते. ट्रॅक्टरची मोठी चाकं फिरत होती, त्यांचे दात एक एक करून मातीत रुतत होते आणि बाहेर येत होते. हातभर राहिलं. वीतभर. बाबांनी पाय सरकवला, आणि पायाखालचं तणस, धानाचा वाळका पेंढा, निसटलं.

कडी जबड्यात गेलीच नाही. ती बाजूला आपटली, दांडा फिरला. बाबा दांडा टाकून कडेला उडाले, उडी म्हणावी की पडणं, मला आजही सांगता येत नाही. ट्रॅक्टर ट्रॉलीच्या फळीला जाऊन टेकला आणि तिथेच जागच्या जागी चाकं फिरवत माती उकरू लागला. मग बाबा उठले, गुडघा झटकला, शांतपणे पुढे गेले आणि इंजन बंद करायची दोरी ओढली.

त्यांनी मला पाहिलं.

"कधी आली?"

"आत्ताच."

त्यांनी माझा चेहरा निरखून पाहिला. मग म्हणाले, "आईले सांगू नको."

शेजारच्या शेतातला बिसाहू, बाबांना काका मानणारा, खांद्यावर कुदळ घेऊन आला. त्यानेही पाहिलं असावं. "अकेल्ला झन कर गा कका," तो म्हणाला, "मोला हाँक पार दे." एकट्याने करू नका, मला हाक मारा. बाबा त्याच्याच बोलीत म्हणाले, "तैं आठ बजे उठथस." तू उठतोस आठला. बिसाहू हसला. मला हसू आलं नाही.

बाबांनी तीस वर्षं प्लांटच्या, म्हणजे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या, आतल्या रेल्वे यार्डात डबे जोडण्याचं काम केलं. जोडणं हेच त्यांचं काम होतं, कपलिंग. सकाळच्या पाळीला सायकलवर जाताना त्यांच्या डब्याच्या पिशवीत हिरवी आणि लाल झेंडी गुंडाळलेली असायची. शाळेत 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'रेल जोड़ते हैं' असं लिहिलं होतं आणि बाईंनी ते खोडलं नव्हतं. भंडाऱ्याच्या एका धान पिकवणाऱ्या गावातून आलेल्या या माणसाने अजस्र डब्यांच्या मधे उभं राहून मला शिकवलं. दुर्गच्या कॉलेजात माझं पहिलं वर्ष होतं तेव्हा ड्रॉइंगचा पाट ते सायकलच्या कॅरिअरला बांधून, यार्डातल्या रेनकोटात गुंडाळून पोचवायला आले होते. स्वतः भिजले होते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. त्या सकाळी बांधावर उभं राहून मला वाटलं, मग या पदवीचा उपयोग काय? मी परक्यांचे जिने काढते आणि माझा बाप रिकाम्या सीटच्या ट्रॅक्टरपुढे उभा राहतो.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन बसले. एकट्या माणसाला काय काय लागतं ते लिहिलं. दांडा कुणीतरी वर धरायला हवा, म्हणून ट्रॉलीच्या पुढच्या फळीपासून एक साखळी, तिच्या टोकाला आकडा, दांडा त्यात लटकेल. सीटवरून जबडा दिसायला हवा. तो दिसत नाही, तर त्याची खूण दिसू दे. म्हणून दोन उभ्या कांब्या, एक जबड्याच्या मागे, एक दांड्याच्या टोकाला, आणि दोन्हींच्या शेंड्यावर मुलांच्या खेळण्यातले प्लास्टिकचे चेंडू, एक लाल, एक पिवळा. चेंडूला चेंडू लागला की कडी जबड्यात. जबड्याच्या दोन्ही बाजूंना तिरप्या पट्ट्या, कडी दोन बोटं इकडेतिकडे असली तरी घसरून आत यावी म्हणून. मग इंजन बंद, खाली उतरायचं, पिन टाकायची. चालत्या ट्रॅक्टरमागे जायची गरजच नाही.

कारखान्यातल्या वेल्डिंगवाल्या यादवजींनी ड्रॉइंग उलटंसुलटं करून पाहिलं. "मैडम, ये क्या बनवा रही हो? मंदिर का कलश?"

"पापा के लिए है," मी म्हटलं आणि रविवारचं सांगितलं.

ते पुढे काही बोलले नाहीत. संध्याकाळी पट्ट्या तयार झाल्या तेव्हा त्यांच्या कडा त्यांनी न सांगता घासून गोल केल्या होत्या. "हाथ लगेगा ना उनका," म्हणाले.

हे सगळं मी आईला सांगितलं नव्हतं. ती चष्म्याआडून कांब्या चाचपत म्हणाली, "हे लाल गमछ्याच्या बदल्यात होय का?" मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, "पडला होता का तो?" मी कांब्या पिशवीत भरू लागले. तिने पुन्हा विचारलं नाही.

दोन दिवस रजा टाकली. आभाळ भरून आलं होतं, अवकाळीचं. दुसऱ्या दिवशीचं टोकन होतं, ट्रॉली भरलेली होती, आणि कोठारात उघड्यावर अजून तेवढेच कट्टे. बाबांनी माझ्या कांब्या पाहिल्या आणि कमरेवर हात ठेवले.

"हे फुगे जत्रेत वीक."

"एकदा पाहा तं खरं, बाबा."

पाहिलं. बोल्टांनी सगळं बसवलं, बाबांनी ट्रॅक्टर मागे आणला, आणि माझी चूक उघडी पडली. जबड्याची उंची मी रस्त्यावर, टणक जमिनीवर मोजली होती. कोठारातल्या भुसभुशीत मातीत ट्रॅक्टरची मागची चाकं चार बोटं खाली बसत होती. चेंडूला चेंडू लागला, पण कडी जबड्यात न जाता जबड्यावर चढली, कांबी वाकली, पिवळा चेंडू उडून तणसात गेला. हे साधं गणित बारावीतलं पोरही चुकलं नसतं.

"झालं?" बाबा म्हणाले. "आता माह्या पद्धतीनं करू दे. पाणी येऊन राहिलं, मंग चिखलात जोडता येत नाही." त्यांनी साखळी काढून टाकली, दांडा जमिनीवर पडला. ट्रॅक्टर दहा पावलं पुढे नेला आणि गियरच्या दांडीवर हात ठेवला. मला ती मंद गियरची खटक माहीत होती.

मी ओढणी कमरेला बांधली, जाऊन मधोमध उभी राहिले आणि दांडा उचलला. तो इतका जड असेल असं वाटलं नव्हतं. आई हे एका हाताने करत होती.

बाबांनी मान वळवली. "हट तिथून."

"तुमी आणा मागं. मी धरते."

"हट म्हटलं ना!"

"आई धरते तं चालते?"

"तुही आई कडेनं राह्यते. तू मधात उभी हायेस."

"तुमीबी मधातच राह्यले होते."

इंजन चालू होतं, म्हणून आम्ही दोघं ओरडून बोलत होतो, आणि त्या ओरडण्याला रागाचा आवाज आपोआप आला होता. बाबा मान वळवून माझ्या ओठांवरून शब्द ओळखत होते.

"यार्डातला कायदा सांगतो तुले," ते सीटवरूनच म्हणाले. "इंजनवर जो बसला तो आतल्या, डब्यांच्या मधातल्या, माणसाचा मालक. आत काही झालं तं त्यालेच पुसतात. म्हून आत कोण जाईन, कोण नाही, हे सीटवरचाच सांगन. तीस साल हाच कायदा पाळला. मी सीटवर हाओ, अन् मी तुले नाही म्हणतो. सोड तो दांडा."

"अन् सीटवर कोणीच नसन तं?"

त्यांचा हात गियरच्या दांडीवरून खाली आला.

"तुमी आत असता तवा पुसायचं कोणाले, बाबा? कोण हाये मालक तुमचा? आईले पुसू? का मले पुसतीन?"

मला अजून खूप बोलायचं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. हा माणूस तीस वर्षं ज्या नियमाने घरी परत आला, तो नियम मी त्यांच्याच अंगावर उलटवला होता. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. आपण थोरल्या माणसाला घरात हात धरून बसवतो तेव्हा वाटतं तसं वाटलं.

त्यांनी दोरी ओढली. इंजन बंद पडलं. आभाळातून लांबवर गुरगुर ऐकू आली, म्हणजे मला आली.

"ठेव खाली," ते म्हणाले. "बोटं सांभाळ. अन् पाना आण."

पुढचं काम त्यांनी केलं. खरं सांगायचं तर माझ्या ड्रॉइंगमध्ये जे नव्हतं ते त्यांनी घातलं. पडवीतल्या दोन जाड लाकडी फळ्या आणून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या वाटेत मातीत बसवल्या, रुळांसारख्या. "चाक यावरच आलं पायजे. मंग उंची बदलत नाही, लाइनबी बदलत नाही." साखळीच्या कोणत्या कडीत आकडा अडकवायचा तिथे लाल रंग लावला. वाकलेली कांबी गुडघ्यावर सरळ केली. तेवढ्यात आलेला बिसाहू तणसातून चेंडू शोधून घेऊन आला.

पहिल्यांदा चेंडूला चेंडू लागायच्या आधीच त्यांनी ब्रेक दाबला. दुसऱ्यांदा कडी पट्टीवर अडली. ते उतरले, बघितलं, चढले, चार बोटं पुढे घेतलं, पुन्हा मागे. प्रत्येक वेळी उतरण्याआधी इंजन बंद. मी चाकाच्या बाहेर उभी होते, हात मागे बांधून, कारण त्यांनी तसं सांगितलं होतं. सीटवर ते होते. तिसऱ्यांदा कडी खणकन आत बसली. पिन पडली.

"तुह्या या फुग्यानं अर्धा घंटा खाल्ला," बाबा म्हणाले. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

पहाटे त्यांची ट्रॉली रांगेत सातवी होती. उरलेल्या कट्ट्यांवर आम्ही ताडपत्री ओढली होती, पाऊस आला तो दुपारी, आणि तोही शिंतोड्यांपुरता. त्या हंगामात नंतर सहा खेपा झाल्या. मी प्रत्येक पहाटे जागी होते. सोपं करून दिलं म्हणून भीती गेली असं काही झालं नाही. फक्त तिला एक जागा मिळाली. आधी ती त्यांनी फोन उचलेपर्यंत संपायची नाही, आता इंजन बंद होईपर्यंत वाटते. हे अंतर फार मोठं आहे की फार लहान, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माणूस एकटा असला की त्याला दोघांचं काम करावं लागतं. आणि दोघांत एक जण तरी असा असतो ज्याला "थांब" म्हणायचा हक्क असतो, तो एकट्याला कुठून आणायचा, हे कोणत्याच ड्रॉइंगमध्ये येत नाही. बाबांनी तो कुठून आणला हे मी त्यांना विचारलेलं नाही.

आईचा डोळा आता छान आहे, ती शेतावर परत गेली आहे, पण तिचं मनगट धरतं, त्यामुळे दांडा ती उचलत नाही. बाजेवर बसून बाबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात सूचना करते.

परवा त्या ट्रॉल्यांच्या मागे अडकले तेव्हा मी शेतावरच चालले होते. पोचले तेव्हा बाबा ट्रॉली जोडत होते. मी नेहमीसारखी बांधावर थांबले, आवाज न करता. चाकं फळ्यांवर आली, चेंडूला चेंडू लागला, त्यांनी दोरी ओढली. इंजन एक-दोन आचके देऊन थांबलं. मला ते ऐकू आलं. त्यांना येत नाही, त्यांचा कान आता पूर्वीपेक्षाही मंद झालाय. ते खाली उतरले, पण लगेच मागे गेले नाहीत. मोठ्या चाकावरच्या पत्र्यावर त्यांनी तळहात ठेवला, आजारी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मान खाली घालून उभे राहिले. पत्र्याची थरथर थांबेपर्यंत. थांबल्यावरही थोडा वेळ.

मग हात काढला आणि आत गेले.